मंडळी सोडली

शनिवारी दुपारी दारात जीप थांबली तेव्हा लीलाबाई न्हाणीघरात पांढऱ्या कापडाला खळ घालत होत्या. उद्याच्या प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या विधीचं, मेज त्यांच्या हातच्या कापडाशिवाय आजवर कधी मांडलं गेलं नव्हतं. नवऱ्यानं, शांतवनदादांनी, देवळाकडे पाठ फिरवली म्हणून आपला हा मान सोडायला त्या काही तयार नव्हत्या.

हात पुसत बाहेर येईतो झुंबरबाई अंगणात पोचल्यासुद्धा होत्या. झुंबरबाई म्हणजे सुनेची आजी, कसबा बावड्याच्या हंबीररावांची आई. गुडघे केव्हाच कामातून गेलेले, पण रडायचं ठरलं की या बाईंना कुणाच्या आधाराची गरज लागत नसे. त्यांनी थेट लीलाबाईंच्या गळ्यात हात टाकले.

"बाई बाई बाई! ह्या वयात तुझ्या नशिबाला ह्ये यावं व्हय गं!"

लीलाबाईंना कोण गेलं, कुठं गेलं, काही कळेना. तोवर मागून हंबीरराव आले. निशिगंधानं ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं तेव्हा याच माणसानं वर्षभर या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. नात झाली, तिला मांडीवर घेतलं, आणि तेव्हापासून उसाच्या पहिल्या मोळीपासून दिवाळीच्या चिवड्यापर्यंत सगळं बावड्याहून इकडे येऊ लागलं. आज मात्र हात रिकामे होते आणि चेहरा पोलीस पाटलासारखा.

"पावणं कुठं हायत?"

"परसात, शेवग्याखाली बसलेत."

"एकटंच?"

"मग आणि कोण असणार?"

हंबीररावांनी मोठा उसासा टाकला. "बघतो मी," म्हणाले आणि घरातून आरपार परसात गेले.

लीलाबाईंनी सुनेला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. निशिगंधा त्यांच्या इतकीच गोंधळली होती.

"आईशी फोनवर काय बोललीस तू?"

"काही नाही आत्या. ती म्हणाली, घरी सगळे बरे आहेत ना. मी म्हटलं, कसले बरे, मामांनी मंडळी सोडली. तेवढ्यात पिल्लू रडायला लागली म्हणून फोन ठेवला."

लीलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

निशिगंधा या घरात येऊन घरातलीच झाली होती. चर्चला देऊळ, धर्मगुरूंना पाळकसाहेब आणि ख्रिस्ती माणसांच्या सभेला मंडळी म्हणायची तिला इतकी सवय झाली होती, की माहेरी या शब्दाचा अर्थ काय होतो हे ती साफ विसरली. बावड्यात गडी आपल्या बायकोचं नाव घेत नाही. आमची मंडळी माहेरी गेलीय, म्हणतो. आता सत्तरीला आलेल्या व्याह्यानं मंडळी सोडली म्हटल्यावर मायलेक जीपमध्ये बसून आले नसते तरच नवल.

"मी जाऊन सांगते बाबांना," निशिगंधा लाजून लाल झाली.

"थांब." लीलाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. का धरला, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. घरातलं कुणी बोलायला गेलं की शांतवनदादा उठून जात. मुलगा धवल बोलायला गेला, तर त्याला फॅक्टरीत जायला उशीर होतोय म्हणाले, तेही सुट्टीच्या दिवशी. पाळकसाहेब आले तर चहा पाजला आणि पावसावर बोलले. बाहेरचा माणूस विचारतोय म्हटल्यावर कदाचित तोंड उघडतील.

गोष्ट तशी एवढीशी होती. देवळात दादा वडील होते, म्हणजे प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक बाकाबाकांवरून फिरवायचं काम त्यांचं. ते तबक त्यांच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः सागवानातून कोरलेलं. त्यात बोटभर काचेचे पेले बसवायला गोल भोकं. आबांच्या मागं तबक दादांच्या हातात आलं. आयुष्यभर एसटीचं स्टेअरिंग धरलेला तो हात, घाटात गाडी नेताना कधी कचरला नाही. पण दोन-अडीच वर्षांपासून तो थरथरायला लागला. ईस्टरला तबक पहिल्या बाकापाशी तिरकं झालं आणि सालोमीच्या मोतिया रंगाच्या सिल्कच्या साडीवर जांभळे थेंब पडले. सालोमी म्हणजे दादांचा धाकटा भाऊ सुमंत, त्याची बायको. तिनं पदर असा फिरवून घेतला की शेजारणीलाही कळलं नाही. पण सुमंतला कळलं. आणि देवळाच्या पंचांच्या पुढच्या सभेत हा शहाणा उठून म्हणाला, "दादाचा हात थरथरतो. तबक आता दुसऱ्या कुणाकडं द्यावं."

दादा खुर्ची मागं सारून निघून आले. तेव्हापासून देवळाची घंटा झाली की ते शेवग्याखाली जाऊन बसत. दोन्ही घरं एकाच गल्लीत, पण भाऊ भावाच्या दारावरून मान खाली घालून जाई. आणि लीलाबाई? त्या रविवारी नेहमीच्या बाकावर जात, नेहमीच्या जागी बसत, आणि शेजारची जागा पर्स ठेवून अडवत. कुणी बसायला आलं तर म्हणत, येतायत. उद्या प्रभुभोजन. उद्याही ते आले नाहीत तर मग येणारच नाहीत, हे लीलाबाईंनी मनाशी ओळखलं होतं. दोन्ही भावांच्या पोराबाळांनी मग कुणाच्या बाजूनं बसायचं हेही उद्याच ठरणार होतं.

त्या विचारात होत्या तेवढ्यात पुढच्या दारानं सुमंतच आत आला. बाहेर जीप, ओसरीवर डोळे पुसणारी झुंबरबाई बघून बिचकलेला.

"वहिनी, तबक न्यायला आलतो. संध्याकाळी तयारीची उपासना हाय. पेलं धुवायला सालोमी बसलीय."

"सरळ त्यांच्याकडनं माग की. परसात आहेत."

"तुम्हीच द्या. उगंच तोंडाला तोंड नको."

"भर सभेत बोलायला तोंड होतं तुला!"

सुमंतनं आवाज खाली आणला. "खोटं बोललो का वहिनी? पुन्हा सांडलं असतं तर लोकांनी त्याच्याकडं बघितलं असतं. मला ते बघवलं नसतं. म्हणून बोललो."

"खरं बोललास रे. पण घरी यायचं, त्यांच्या शेजारी बसायचं, चहा घ्यायचा आणि मग बोलायचं. भाऊ ना तू? पंच म्हणून बोललास आणि वर म्हणतोस खोटं बोललो का!"

सुमंत तोंड उघडणार इतक्यात खिडकीतून परसातला आवाज आत आला. लीलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"पावणं," हंबीरराव म्हणत होते, "मी काय तुम्हाला शिकवायला आलो न्हाय. तुम्ही थोरलं. पन ह्या वयात मंडळी सोडायची म्हंजे काय?"

"सोडली. मन उडालं," दादांचा आवाज.

"असं कसं मन उडतंय? इतकी वर्सं झाली."

"इतकी वर्सं झाली म्हणूनच. मी काय कमी केलं? ऊन म्हटलं न्हाय, पाऊस म्हटलं न्हाय. ड्यूटी करून आलो तरी आंघोळ करून पहिला तिकडंच. आणि शेवटी काय? चारचौघांत अपमान."

"कुणी क्येला?"

"माझ्या सख्ख्या भावानं!"

हंबीरराव थबकलेले दिसले. "दिरानं? ह्यात दीर कुठनं आला?"

"त्योच तर सगळं चालवतोय आता."

आत निशिगंधानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. सुमंतला अजून उलगडा झाला नव्हता, तो आ वासून लीलाबाईंकडे बघत होता. त्यांनी कानात दोन शब्दांत सांगितलं, तसे त्याचे डोळे बारीक झाले आणि खांदे हलायला लागले.

"बरं," हंबीररावांनी घसा खाकरला. अवघड विषयाला हात घालायचा होता. "आता फुडं काय? येकटंच ऱ्हाणार?"

"एकटं कशाला? दुसरी बघितलीय."

"दुसरी!"

"हातकणंगल्याला हाय. लहानच हाय, नवीन हाय. परवा बसनं गेलतो, बघून आलो."

"बघून बी आलासा?"

"व्हय की. चांगली दोन तास बसलो. मन कसं प्रसन्न झालं बघा. गाणं तर असलं गोड! टाळ्या वाजवून म्हणत्यात."

"आन् घरात? घरात म्हाईत हाय का ह्ये?"

"लीलाला म्हटलं की, तूबी चल माझ्यासंगट. ती म्हणते, मला हीच बरी हाय."

"ती काय तुमच्या वरातीत नाचंल व्हय, पावणं!" हंबीरराव उठूनच उभे राहिले.

आणि इथं सुमंत फुटला. दाबून ठेवलेलं हसू असं बाहेर आलं की ओट्यावरचं भांडं खाली पडलं. सुमंतचं हसणं गल्लीला ठाऊक होतं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. त्याला हसताना बघून निशिगंधा हसली, लीलाबाईंनाही राहवेना. तिघांना मागच्या दारानं परसात यावंच लागलं. झुंबरबाईही आत काय चाललंय बघायला आल्या. घर मोडायला निघालंय आणि घरातली माणसं हसतायत, हे बघून म्हातारीचं रडणं जागच्या जागी आटलं.

निशिगंधानं बापाला समजावून सांगितलं. हंबीरराव आधी रागावले, मग ओशाळले, मग मांडीवर थाप मारून इतके हसले की शेवग्यावरचे पक्षी उडाले. "म्हंजे हातकणंगल्याला जी हाय, ती बी..."

"ती बी मंडळीच," सुमंत डोळे पुसत म्हणाला. "घरातच भरती. पन्नासेक माणसं असतील."

हसले नाहीत ते फक्त दादा. सुमंतला समोर बघून त्यांनी खुर्चीची पाठ धरली, उठायला. लीलाबाईंनी ते पाहिलं. आत्ता उठले की गेलेच.

"पावणं," त्या हंबीररावांना म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही ऐकलंत ते बरोबरच आहे."

त्या दादांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यांनी मंडळी सोडली म्हणजे मलाच सोडलं. लग्न झालं त्या दिवसापासून एका बाकावर बसतोय आम्ही. प्रार्थनेला डोळे मिटले की मला यांच्या श्वासाचा आवाज येतो. आता येत नाही. शेजारी पर्स ठेवून बसते मी, आणि विचारणाऱ्याला खोटं सांगते, येतायत म्हणून. देवाच्या घरात बसून खोटं बोलते." त्यांनी सुमंतकडे बोट दाखवलं. "सुमंत चुकला. त्याला मी बोलले, पुन्हा बोलेन. पण शिक्षा मला का?"

दादा खुर्चीत परत बसले. बराच वेळ त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होता. मग तो त्यांनी सोडला. हात मांडीवर आपला आपण हलत राहिला आणि सगळ्यांनी तो बघितला. दादांनी बघू दिला.

"ऐकत न्हाय गं त्यो माझं," ते म्हणाले. "तबक उचललं की पेलं वाजत्यात. देवळात टाचणी पडल्याली ऐकू येईल असली शांतता, आणि त्यात माझा खुळखुळा. आबांच्या हातात कसं शोभायचं! मला लाज वाटती. सुमंतचा राग धरून बसलो, पण खरं सांगायचं तर तो बोलला नसता तरी मी आलो नसतो."

झुंबरबाईंना यातलं निम्मंच समजलं होतं. पण वाजतं म्हणून लाज वाटते, एवढं समजलं. त्या हुपरीच्या माहेरवाशीण, चांदीच्या खणखणाटात वाढलेल्या.

"वाजतंय तर वाजू द्या की," त्या म्हणाल्या. "आमच्यात पैंजण वाजावं म्हणून घुंगरू लावत्यात. माणूस आल्याचं कळतंय."

सुमंत भावाच्या पायाशी, फरशीवरच बसला. आता तो हसत नव्हता.

"दादा, आबांच्या हातातबी पेलं वाजायचं. भोकंच ढिली पाडल्यात आबांनी. आई चिडवायची न्हाय का त्यांना, सुतार का कोण म्हणून? तू विसरलास." त्यानं दादांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी खरं बोललो, पण भावासारखं बोललो न्हाय. चुकलं माझं."

दादांनी त्याच्याकडे बघितलं नाही. उठले, आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. तबक घेऊन बाहेर येतील आणि सुमंतच्या हातात ठेवतील, असं लीलाबाईंना वाटलं. पण ते दारात आले ते नुसतेच.

"सालोमीला म्हणावं पेलं धुवून ठेव," ते म्हणाले. "तबक हितंच राहू दे. सकाळी बघू."

सकाळी बघू, याचा अर्थ काय घ्यायचा? लीलाबाईंनी रात्री दोनदा विचारलं. दोन्ही वेळा घोरण्याचं सोंग ऐकू आलं.

रविवारी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला आणि मुद्दामच त्या पुढं निघून गेल्या. मेज मांडायचं होतं. खळ घातलेलं कापड अंथरताना त्यांचं लक्ष दाराकडे होतं. बावड्याची जीप आली, झुंबरबाई नव्या लुगड्यात उतरल्या. जिच्यापायी एवढं रामायण झालं ती मंडळी कशी दिसते ते म्हातारीला बघायचंच होतं. हंबीरराव फेटा बांधून मागच्या बाकावर टेकले, शेजारच्याला "रामराम" म्हणाले, त्यानं "सलाम" म्हटल्यावर त्यांनीही खुशाल "सलाम" ठोकला.

घंटा झाली. लीलाबाई आपल्या बाकावर बसल्या. शेजारी पर्स ठेवली. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली. डोळे मिटले होते तेव्हा बाक थोडा दबल्यासारखा वाटला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पर्स हलकेच उचलून कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि मग तो ओळखीचा श्वास ऐकू आला. थोडा धापा टाकत होता, गल्लीपासून तबक घेऊन चालत आल्यामुळे. त्या प्रार्थनेतलं एक अक्षर त्यांना कळलं नाही, तरी आमेन त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाल्या.

भाकर वाटून झाली. पाळकसाहेबांनी वडिलांना पुढं बोलावलं. पेले आज निम्मेच भरलेले दिसले; दादा आल्या आल्या तबक घेऊन त्यात पेले मांडणाऱ्या सालोमीचं ते काम. दादांनी तबक उचललं आणि अख्ख्या देवळात तो आवाज घुमला, किणकिण, किणकिण, थांबायचं नाव नाही. लीलाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. पहिल्या बाकाच्या टोकाला सालोमी बसली होती आणि तिनं आज पुन्हा तीच मोतिया सिल्कची साडी नेसली होती. जांभळे डाग धुवून फिके झाले होते, पण होते. बाईनं कपाटातल्या सगळ्या साड्या सोडून मुद्दाम तीच निवडली होती आणि मुद्दाम त्याच जागी बसली होती. ते दादांच्याही लक्षात आलं असावं. कारण ते तिथं क्षणभर थांबले आणि पेल्यांचा आवाज वाढला.

एवढ्यात सुमंतनं गाणं सुरू केलं.

त्या वेळी गाणं नसतं. पेले फिरतात तेव्हा मंडळी गप्प बसून मनात प्रार्थना करते, असाच रिवाज. शिवाय सुमंतइतका बेसूर माणूस त्या देवळात दुसरा नव्हता, गायकमंडळातून त्याला प्रेमानं दोनदा काढलेलं. पण तो उभा राहून, डोळे मिटून, आबांचं आवडतं गीत वाटेल त्या पट्टीत म्हणत होता. पेटीवाल्यानं बावरून पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी दादांच्या हाताकडे बघितलं आणि स्वतःच गायला लागले. मग पेटी आली, मग बायकांचा आवाज, मग सगळे. ज्यांना शब्द येत नव्हते ते नुसता सूर धरत होते. मागच्या बाकावर झुंबरबाई टाळ्यांचा ठेका धरून बसल्या होत्या. पेले वाजत होते की नव्हते, आता कुणाला सांगता आलं नसतं.

तबक लीलाबाईंपाशी आलं. त्यांनी पेला उचलला. दरवेळी त्या पेल्याकडे बघत, आज त्यांनी वर नवऱ्याकडे बघितलं. दादांच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात मोकळे नसल्यानं त्यांना ते पुसता येत नव्हतं. लीलाबाईंनी सगळ्या मंडळीदेखत पदरानं ते पुसलं.

उपासना सुटल्यावर अंगणात चहा होता. दोन्ही भाऊ एका कपातला चहा बशीत ओतून अर्धा अर्धा पीत होते आणि सुमंतच्या बेसूर गाण्यावरून दादा त्याला सगळ्यांसमोर सोलून काढत होते. हंबीरराव फेटा सावरत तिथं आले.

"चला पावणं, मिटलं म्हणायचं. मंडळी परत घेतलीसा."

दादांनी बशी खाली ठेवली. भोवती चहा पिणारी, बोलणारी, पोरांवर ओरडणारी सगळी माणसं बघितली. शेवटी मेजावरचं कापड घडी घालून दारातून येणाऱ्या लीलाबाईंवर त्यांची नजर थांबली.

"मी कुठलं घेतोय, पावणं," ते म्हणाले. "मंडळीनं मला परत घेतलं."